चौदा इंच

बफेलो शहराच्या नियमात
खिडकी म्हणजे उजेड नव्हे.
खिडकी म्हणजे वीस इंच रुंद, चोवीस इंच उंच,
किल्लीशिवाय, हत्याराशिवाय
आतून उघडणारी जागा.
अकरा वर्षं मी ती मोजते आहे.
टेप खिशात असतो, रविवारीसुद्धा.

ओलेश्कोबाईंच्या तळघरात गेले तेव्हा फेब्रुवारी होता.
बाई जिन्यावरून ओरडल्या, डोकं सांभाळ,
पाइप खाली आलाय, स्टॅनिसनं बसवलेला.
स्टॅनिस जाऊन नऊ वर्षं झाली. पाइप आहे.
खोलीचं भाडं साडेचारशे.
परवाना नाही, कधी मागितलाच नव्हता.
"माझ्या घरात माणूस ठेवायला
मी शहराला विचारायचं?"
असं म्हणून त्यांनी कॉफी पुढे केली.
घरमालकाची कॉफी घ्यायची नाही, हाही एक नियम आहे.
बोटं गारठली होती. घेतली.

खोलीत नॉ म्यू पॉ. हॉस्पिटलच्या लाँड्रीत रात्रपाळी,
नुकतीच उठलेली, केस ओले.
खिळ्याला विणलेली लाल झोळी,
तांदळाच्या पोत्यावर मुलाची गणिताची वही.
छताला धुराची घंटा होती, तिच्यात बॅटरी नव्हती.
ती मुलाच्या खेळण्यातल्या गाडीत निघाली.

खिडकी: रुंदी एकतीस. उंची चौदा.
"चौदा," मी म्हटलं, स्वतःशीच.
पण काही आकडे
कुठल्याही भाषेत कळतात.
तिनं खुर्ची ओढली. वर चढली.
डोकं घातलं, एक हात, मग तिरका खांदा.
कमरेशी अडकली, श्वास सोडला,
आणि गेली.
एक चप्पल खोलीत पडली.
काचेपलीकडे बर्फात दोन घोटे,
मग वाकलेला चेहरा, काचेवर टकटक:
बघा, मावते मी.
मुलानं टाळ्या वाजवल्या.

तिला कसं सांगू,
की हे माप तुझं नाही.
पहाटे तीनला धुरातून जो आत येईल,
जाड कोट, बूट, पाठीवर हवेची टाकी,
त्याचं आहे.
चौदा इंचांत त्याची पाठ येत नाही.
सांगितलं. मुलानं भाषांतर केलं,
किती केलं, देव जाणे.
ती ओल्या पायांनी उभी राहून
खिडकीकडे बघत राहिली,
जणू तिथून कुणी खरंच येणार होतं
आणि इतके दिवस
तिनं त्याची वाट पाहायला हवी होती.

मी लिहिलं: राहण्यास अयोग्य. मुदत तीस दिवस.
कारणासाठी कागदावर तीन ओळी असतात.
पुढं कुठे, याला रकाना नाही.

मे महिन्यात परत गेले.
भिंत कापलेली, नवी चौकट, सिमेंट अजून ओलं.
परवाना फ्रेम करून लावलेला,
काळ्या मेरीच्या तसबिरीखाली.
भाडं आता सातशे.
"नातवाकडून उसने घेतले," ओलेश्कोबाई म्हणाल्या,
"वसूल कुठून करू, तुझ्या टेपमधून?"
पहिल्या तारखेला कुणी विद्यार्थी येणार होता, सायकलवाला.
आणि ती?
"चर्चमधलं कुणी न्यायला आलं होतं.
पत्ता दिला नाही."
बाईंनी कप विसळला.
"तू विचारशील, हे तिला माहीत होतं."

मोजलं. वीस, चोवीस, दोन्ही बरोबर.
वही खाली ठेवली, खुर्ची ओढली.
गुडघे कुरकुरले, पण कुठे अडकले नाही,
कोटासकट सहज बाहेर.
चिखलात वाकून काचेवर टकटक केली.
आत रिकामी खोली,
खिळ्याभोवती झोळीएवढा
भिंतीचा जरा उजळ भाग.

मग दारानं परत आले
आणि सही केली.